पुसलेला डाग

एकदा एक वृद्ध कारागीर जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत गाड्यांचे एसी दुरुस्त करीत असे. लोक त्याला उस्ताद म्हणत. दूरच्या शहरात दोन वर्षे शिकून परतलेला रेवण त्याच्या हाताखाली नुकताच रुजू झाला होता. रेवणला अस्वच्छता सहन होत नसे. बॉनेट उघडले की तो प्रथम आतला प्रत्येक भाग चिंधीने पुसून लख्ख करी आणि मगच हत्याराला हात लावी. गिऱ्हाइकांना ते फार आवडे.

वैशाखातल्या एका दुपारी कौसल्याताई आपली जुनी गाडी घेऊन आल्या. त्या रेशमाच्या अळ्या दहा दिवस घरी जोपासत आणि तुती लावलेल्या शेतकऱ्यांना गावोगाव पोहोचवीत. उष्मा त्या अळ्यांचा काळ.

“एसी नुसती गरम हवा फुंकतोय,” त्या म्हणाल्या. “या वर्षात दुसरीकडे तीनदा गॅस भरला. वीसेक दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. मागच्या खेपेला वाटेतच बंद पडला. सात घरच्या अळ्यांनी पानाला तोंड लावलं नाही. उद्या पहाटे तेरा घरच्या न्यायच्यात. याही वेळी मेल्या तर माझ्या दारात कोण येईल?”

उस्ताद आतल्या खोलीत जेवता जेवता हे ऐकत होते. रेवणने सगळे पुसून घेतले, दाब मोजला, गॅस कमी आढळला तसा भरला. थोड्याच वेळात गार हवा येऊ लागली. कौसल्याताईंनी एसीच्या झरोक्यासमोर चेहरा धरला आणि डोळे मिटून घेतले.

उस्ताद हात पुसत बाहेर आले. त्यांनीही त्या हवेत तळहात धरून पाहिला.

“गळती कुठे होती?”

“गळती दिसली नाही, उस्ताद. गॅस कमी होता, भरला.”

“मग यंत्र लाव आणि सगळा गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घे.”

रेवण जागचा हलेना. कौसल्याताई मात्र गाडीतून उतरल्याच. “उस्ताद, म्हातारपणी गारवा सोसत नसेल तर सावलीत बसा की. माझं झालेलं काम कशाला मोडता?”

“झालेलं नाही, ताई, म्हणून मोडतोय,” उस्ताद हसून म्हणाले. “गरम हवा फुंकून ही गाडी काहीतरी सांगत होती. तीनदा तुम्ही तिला गप्प केलंत, आज चौथ्यांदा आम्ही केलं. हवा गार झाली की गिऱ्हाईक घरी जातं, कारागीर चहाला बसतो आणि शोध तिथेच थांबतो. भरलेला गॅस आपोआप संपत नाही, तो कुठून तरी जातो. उद्याची खेप कदाचित पार पडेलही. पण प्रत्येक खेपेला तुम्ही जीव मुठीत धरून का जावं?”

रेवणने यंत्र लावून गॅस ओढून घेतला. गाडी पुन्हा गरम झाली.

मग उस्ताद रेवणकडे वळले. “बॉनेट उघडलंस तेव्हा काय पाहिलंस?”

“धूळ होती. पुसली.”

“सगळीकडे सारखीच?”

रेवणने हातातली चिंधी उलगडून पाहिली. हो म्हणून मोकळे होणे सोपे होते. “नाही,” तो हळूच म्हणाला. “पुढच्या जाळीपाशी, खालच्या पाइपच्या सांध्यावर काळा चिकट थर होता. चिंधी तिथेच तेलकट झाली. तो निघेना म्हणून मी दोनदा घासला.”

“गॅस सुटतो तेव्हा सोबत थोडं तेल नेतो, आणि त्या तेलावर धूळ बसते. तो डाग म्हणजेच गळतीचा पत्ता होता,” उस्ताद म्हणाले. “तू तो पुसलास, हे चुकलं. पण सांगितलंस. आता सगळी गाडी धुंडाळायला नको.”

पाइपमध्ये दाबाने नायट्रोजन भरला. रेवणने त्या सांध्यावर साबणाचा फेस लावला. तिघेही ओणवे होऊन पाहू लागले. बराच वेळ काहीच घडले नाही.

“तो बघा,” कौसल्याताई कुजबुजल्या. ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा फुगला आणि फुटला. मागोमाग दुसरा आला.

सांधा उघडला. आतली रबरी रिंग वाळून तडकली होती. ती बदलली, पाइपमधली हवा काढून टाकली, दाबाचा काटा तासभर हलला नाही, तेव्हा उस्तादांनी मोजून गॅस भरू दिला. दिवेलागणीला कौसल्याताई गार हवेत घरी निघाल्या.

महिन्याभराने त्या परत आल्या. “मध्ये सहा खेपा झाल्या,” एवढेच म्हणाल्या, आणि ओंजळभर पांढरेशुभ्र रेशीमकोष त्यांनी रेवणच्या हत्यारांशेजारी ठेवले. गाडीत अजून तशीच गार हवा येत होती.

त्यांच्या मागोमाग आणखी एक गाडी आली. “काही नाही, गॅस भरून द्या,” गिऱ्हाईक म्हणाले. रेवणने बॉनेट उघडले. सवयीने उचललेली चिंधी त्याने पुन्हा खांद्यावर टाकली, हातबॅटरी पेटवली आणि धुळीकडे निरखून पाहू लागला.

आपल्या गावातही दर वर्षी नव्याने भरावे लागणारे खूप काही आहे: तळ्यातले पाणी, खड्ड्यांतला मुरूम. या वर्षी ते भरण्यापूर्वी एकदा ओणवे होऊन पाहू या, ते जाते कुठून.