दोन बोटांची ढिलाई

टिपणीस तहसीलदार निवृत्त झाले होते. त्यांचा आवाज मात्र अजून सेवेत होता. घाटाच्या तोंडाशी हसन मिस्त्रीच्या गॅरेजात ते घड्याळ बघत येरझारा घालत होते. घाटाखालच्या गावात त्यांचा सत्कार होता. जुन्या गाडीत त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, पदराने वारा घेत बसल्या होत्या.

स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलत नव्हती. स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा पार झिजला होता. बदलायला दोन तास हवे होते.

"ग्रीस फास आणि सोड! दोन बोटांच्या ढिलाईने काय होतंय?"

हसनचं लक्ष राहून राहून बाईसाहेबांकडे जात होतं; त्याही याच गाडीतून घाट उतरणार होत्या.

"सोडतो, साहेब. फक्त कमरेचा पट्टा दोन बोटं ढिला करा आणि चौकापर्यंत चालून या."

"गाढवा, पँट सुटली तर लोक हसतील!"

"चौकात हसायला लोक तरी आहेत, साहेब. घाटात हे सुटलं, तर हसायलाही कोणी नाही."

साहेबांचा हात आपोआप पट्ट्यावर गेला. तेवढ्यात दार उघडून बाईसाहेब उतरल्या आणि बाकड्यावर ऐसपैस बसल्या.

"मिस्त्री, बदला तो सांधा. हार थोडा कोमेजेल. पण निदान गळ्यात पडेल, फोटोला नाही."