समुद्रकाठचे हिम

एका राज्यात हिवाळा नावालाच येत असे. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला नारळी-पोफळीची बने. उन्हाळ्यात समुद्र वाऱ्याचा पंखा घाली आणि थंडीच्या दिवसांत तोच समुद्र उबदार श्वास सोडी. भर पौषात तिथल्या म्हाताऱ्या अंगावर एक पातळ शेला ओढीत आणि ‘काय बाई हा गारठा’ म्हणत, एवढाच तिथला हिवाळा. हिम म्हणून काही असते, हे लोकांनी पोथ्यांत ऐकले होते. पाहिले कोणीच नव्हते.

त्या राज्याचा राजा तुंगसेन. त्याला दोन अपत्ये : थोरली मेखला, धाकटा जयकेतू. आणि राजाच्या सिंहासनाहून हातभर उंच आसनावर एक मांत्रिक बसत असे, त्याचे नाव क्षारदंष्ट्र. एका वादळी वर्षी त्याने मंत्र म्हणून समुद्र शांत केला, राजाची गलबते वाचवली आणि मोबदला म्हणून एवढेच मागितले, की रोज सकाळी दरबाराने आपल्यापुढे गुडघे टेकावेत. मागणे लहान वाटले. राजाने गुडघे टेकले, मग सरदारांनी टेकले, मग किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी टेकले. पुढे सागरातले मोती मांत्रिकाच्या तळघरात जाऊ लागले, जहाजे त्याच्या सांगण्याने निघू लागली. ‘असे का?’ म्हणून विचारायला आधी उठून उभे राहावे लागते, आणि उठायची सवय मोडली होती.

जयकेतू वयात आला. दरबारात पहिल्यांदा पाऊल टाकले, त्या दिवशी सगळे खाली गेले आणि तो एकटा उभा राहिला.

“टेक,” मांत्रिक म्हणाला.

“टेकणार नाही.”

“मग उभाच राहा.”

मांत्रिकाने कमंडलूतले पाणी शिंपडले. राजपुत्र पायाच्या नखांपासून केसांपर्यंत मिठाचा झाला. पांढरा, खरखरीत, डोळे उघडे.

राजाने रडून उःशाप मागितला. क्षारदंष्ट्र खो खो हसला. “या किनाऱ्यावर हिम पडेल, त्या दिवशी हा जिवंत होईल.” दरबाराने त्याचा अर्थ घेतला, की राजपुत्र गेला. मेखलेने घेतलेला अर्थ वेगळा होता. तिच्या मनाने घेतले, की आता हिम पडले पाहिजे.

मीठ आणि समुद्राची दमट हवा यांचे जन्माचे वैर. पावसाळ्यात जयकेतूच्या अंगाला पाणी सुटे. मेखलेने त्याला आतल्या दालनात नेले, खिडक्या बुजवल्या, भोवती शेगड्या पेटवल्या, पायाशी भाताच्या तुसाचे ढीग रचले. ती आणि तिची दाई रेवा आळीपाळीने निखारे फुंकीत बसत. तरीही दर वर्षी तो थोडा झिजे. आधी भुवया गेल्या, मग कानांच्या पाळ्या.

हिवाळा आला, की मेखला रोज सकाळी गच्चीवर चढे आणि उत्तरेकडे पाही. खाली बाजारातले लोक एकमेकांना कोपराने ढोसत. कोणी मुद्दाम ओरडून विचारी, “राजकन्ये, पडले का हिम?”

“आज नाही पडले,” ती तितक्याच मोठ्याने सांगे. “उद्या पाहू.”

असे किती हिवाळे गेले. मग एका पौषात राजा स्वतः त्या दालनात आला. मुलाकडे त्याने पाहिले नाही.

“मेखले, आता पुरे. येत्या पौर्णिमेला भरतीच्या पाण्यात जयकेतूला सोडायचे ठरले आहे. त्याचे दिवसकार्य करू.”

“दिवसकार्य मेलेल्या माणसाचे करतात, तात.”

“क्षारदंष्ट्रांची आज्ञा आहे. तू तरी किती काळ आशा धरशील?”

“हिम पडेपर्यंत.”

राजा गेला. मेखलेने निखारे रेवाच्या स्वाधीन केले आणि ती खाडीवर गेली. तिथे दर हिवाळ्यात उत्तरेकडून केशरी रंगाचे चक्रवाक पक्षी उतरत. त्यांतली सर्वांत म्हातारी चक्रवाकी चिखलात चोच खुपसून उभी होती.

“तू हिम पाहिलेस का?” मेखलेने विचारले.

“त्याला कंटाळून तर दर वर्षी इकडे येते,” चक्रवाकी म्हणाली. पक्षी बोलतात; कोणी विचारीत नाही म्हणून गप्प असतात.

“मला ते इथे आणायचे आहे.”

चक्रवाकीने मान वाकडी करून तिला एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिले. “तुला वेड लागले आहे.”

“ते मला सगळेच सांगतात. कसे आणायचे ते सांग.”

“तीन गोष्टी लागतात. उत्तरेचा वारा यावा लागतो. समुद्र न पाहिलेला कोरडा ढग लागतो. आणि सर्वांत अवघड म्हणजे, तुमच्या या समुद्राने आपला उबदार श्वास रोखून धरावा लागतो. आजवर त्याने तो कोणासाठी रोखलेला नाही.”

“आजवर कोणी सांगितले नसेल,” मेखला म्हणाली.

हे उत्तर चक्रवाकीला आवडले. तिने आपले एक पीस उपटून दिले. मेखलेने ते केसांत खोवताच तिची पावले एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर पडू लागली. पक्षीण पुढे, राजकन्या मागे, अशा त्या उत्तरेला गेल्या.

डोंगरांच्या खिंडीत उत्तरेचा वारा आडवा पसरला होता. त्याची दाढी दरीत लोंबत होती. मेखलेला पाहून तो गुरगुरला, “माझ्यापाशी येणारे आधी गुडघे टेकतात, मग मागणे मागतात.”

“न टेकल्यामुळे माझा भाऊ मिठाचा झाला. मी टेकले, तर त्याच्या डोळ्यांसमोर कशी उभी राहू?”

“उभी राहून दाखव,” वारा म्हणाला आणि त्याने फुंकर घातली. झाडे मुळांसकट आडवी झाली, खडक गडगडत दरीत गेले. मेखलेच्या पापण्या गोठल्या, ओठ फुटून रक्त आले. चक्रवाकी तिच्या पदराआड दडली. मेखलेने दोन्ही पाय दगडांच्या भेगांत रोवले आणि ती वाऱ्याला शिव्या देत उभी राहिली. समुद्रकाठच्या शिव्या त्या, खास ठेवणीतल्या. कोळ्यांकडून लहानपणी शिकलेल्या.

वारा दमला. मग हसला. “मी आलो, की लोक दारे लावून घेतात. तू पहिली, जी मला न्यायला आली. पौर्णिमेला येतो.”

तिथून पलीकडे एका गुहेत मेघमाया नावाची चेटकीण राहत असे. गोठ्यात म्हशी बांधाव्या, तसे तिने ढग खुंट्यांना बांधून ठेवले होते. सगळे काळे, सगळे एकसारखे, सगळे रवंथ करीत.

“यांत हिमाचा ढग एकच आहे,” मेघमाया म्हणाली. “ओळखलास तर तुझा. चुकलीस तर तुझाच ढग करून त्या रिकाम्या खुंटीला बांधीन.”

“मान्य.”

मेखलेने कनवटीची मिठाची पुरचुंडी काढली आणि तळहातावर चिमूटभर मीठ घेतले. इतकी वर्षे हवेतला ओलावा ती अशीच पाहत आली होती. एकेका ढगाच्या तोंडाशी तिने हात धरला. पहिल्यापाशी मिठाला पाणी सुटले, दुसऱ्यापाशी ते चिकट झाले. कोपऱ्यातला एक ढग अंग आखडून झोपला होता. त्याच्या श्वासात मीठ कोरडे राहिले. दाणा दाण्याला चिकटला नाही.

“हा.”

चेटकिणीने दात खाल्ले, पण दावे सोडले. खुशीने सोडले नाही, पण शब्द दिला होता.

पौर्णिमेच्या सकाळी मेखला परतली. ओहोटीने पुळण उघडी पडली होती. ती घोट्याइतक्या पाण्यात गेली.

“सागरा, आज श्वास रोखून धर.”

 खोलातून आवाज आला. “मी का रोखू? मिठाच्या माणसाला आतल्या दालनात दडवलेस. मीठ माझे आहे.”

“मीठ तुझे, माणूस माझा. दोघांनी आपापले घ्यावे.”

“हिशेब चोख आहे. त्याला ओहोटीच्या रेषेवर आणून उभा कर. मी श्वास रोखीन. पण भरती माझ्या हातात नाही, ती येणारच. पाणी त्याच्या गळ्याशी येईपर्यंत हिम पडले नाही, तर सगळाच माझा.”

 मेखला म्हणाली, “चालेल.”

जयकेतूला पालखीत घालून रेवाने आणि चार कोळ्यांनी पुळणीवर आणले. विसर्जन पाहायला सगळे राज्य लोटले होते. उंच आसनावरून उतरून क्षारदंष्ट्र आला आणि सवयीने सगळ्यांनी वाळूत गुडघे टेकले. उभी राहिली ती मेखला, पाण्याच्या कडेला, मिठाच्या भावाचा हात धरून.

समुद्राने श्वास रोखला. लाटांचा फेस जागच्या जागी थांबला. उत्तरेचा वारा आला आणि लोकांच्या अंगावर कधी न पाहिलेला काटा उभा राहिला. कोरडा ढग डुलत डुलत आला आणि किनाऱ्यावर थांबला. भरतीचे पाणी जयकेतूच्या गुडघ्यांपर्यंत चढले. त्याची पावले विरघळू लागली.

क्षारदंष्ट्राने वर पाहिले आणि पहिल्यांदाच त्याच्या कपाळाला आठी पडली. तो मंत्र म्हणू लागला. त्या मंत्राने समुद्राची छाती दाबली गेली आणि त्याच्या तोंडून एक उबदार सुस्कारा सुटला. ढग हलला. टप टप थेंब पडू लागले.

पाऊस.

मिठावर पाऊस! जयकेतूच्या गालांवर खळगे पडले. मेखलेने पदर काढून त्याच्यावर धरला, तो क्षणात भिजला. पाणी कमरेवर आले.

“राजकन्ये,” मांत्रिक हळूच, मायेने म्हणाला, “एकदाच टेक. आत्ताच्या आत्ता तुझा भाऊ तुला देतो.”

मेखलेच्या मनात आले : एवढे निखारे फुंकले, एवढे हिवाळे वाट पाहिली. एक गुडघा तो काय? तिने भावाच्या उघड्या डोळ्यांकडे पाहिले.

“आज मी टेकले, तर उद्या हा उठून पुन्हा उभाच राहील,” ती म्हणाली. “मी ओळखते त्याला. नाही टेकणार.”

तेव्हा वाळूत काहीतरी हलले. राजा तुंगसेन उठला होता. त्याचे म्हातारे सांधे कडकड वाजले. तो चालत पाण्यात शिरला, मुलाच्या पाठीशी उभा राहिला आणि त्याने आपला जरीचा शेला त्याच्या डोक्यावर धरला.

“तुंगसेना, खाली बस!” क्षारदंष्ट्र ओरडला.

“बसलो तेवढे पुरे झाले,” राजा म्हणाला.

मग रेवा उठली. पालखीचे कोळी उठले. त्यांच्या बायका उठल्या, शिडे घेऊन पाण्यात धावल्या आणि त्यांनी राजपुत्रावर छप्पर धरले. टेकलेल्या गुडघ्यांतून मांत्रिकाच्या मंत्राला बळ मिळत असे. गुडघे उठत गेले, तसा मंत्र पातळ होत गेला, आणि समुद्राने तोंड घट्ट मिटून घेतले.

पाणी छातीवर आले. गळ्याला चार बोटे उरली.

आणि थेंबांचा आवाज थांबला.

शिडावर काहीच वाजेना. लोकांना वाटले, पाऊस उघडला. एका कोळणीने शिडाबाहेर हात काढला आणि आत घेतला. तळव्यावर पांढरा, हलका, कापसाच्या बोंडातून सुटल्यासारखा एक कण होता. पाहता पाहता आभाळच खाली उतरू लागले. माडांच्या झावळ्यांवर, होड्यांच्या टोकदार नाळींवर, वाळत घातलेल्या जाळ्यांवर, उघड्या डोक्यांवर हिम पडत होते.  मेखला वर तोंड करून उभी होती आणि तिच्या पापण्यांवर पडलेले हिम डोळ्यांतल्या पाण्याने वितळत होते.

क्षारदंष्ट्राने शेवटचा मंत्र काढला. पण जन्मात त्याने थंडी पाहिली नव्हती. त्याचे दात कडकडा वाजू लागले, मंत्राची अक्षरे दातांत सापडून तुटली, आणि तुटलेला मंत्र म्हणणाऱ्यावरच उलटतो. तो खेकडा झाला, तिरका तिरका पळत एका बिळात शिरला. कोणी त्याच्या मागे गेले नाही. कोणाला सवड नव्हती.

जयकेतूच्या अंगावरून मीठ पापुद्र्यांनी सुटले आणि समुद्राने आपले म्हणून ते उचलून नेले. आत माणूस होता, भिजलेला, निळा पडलेला. त्याने खोल श्वास घेतला, खोकला, आणि गळ्यापर्यंत आलेल्या पाण्याकडे, म्हाताऱ्या झालेल्या वडिलांकडे, मग मेखलेच्या केसांतल्या रुपेरी बटेकडे पाहिले.

“ताई,” तो म्हणाला, “मी किती वेळ उभा होतो?”

“बराच,” मेखला म्हणाली.  “आता चल. जेवायला बस.”

दुपारपर्यंत हिम वितळले. समुद्राने रोखलेला श्वास सोडला, वारा आपल्या खिंडीकडे परतला, चक्रवाकी खाडीत उतरून चिखल उपसू लागली. उंच आसन मोडून त्याची लाकडे लोकांनी शेकोटीला घातली. तळघरातले मोती ज्यांनी काढले होते, त्यांच्या घरी गेले. राजाने जयकेतूला सिंहासनावर बसवले आणि त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर, मेखलेला बसवले. त्या दरबारात आलेला माणूस उभा राहून बोलू लागला, आणि कधीकधी फार बोलू लागला. पण राजा आणि राजभगिनी दोघेही ऐकून घेत.

कथेची होडी किनाऱ्याला लागली. आपण ऐकणाऱ्यांनी उतरावे, आणि कोणापुढे न वाकता आपापल्या घरी जावे.