डिगांबरने कापसाची गंजी सांभाळली

बोरखेडी गावात डिगांबर नावाचा एक भोळा मुलगा होता. इतका भोळा, की "जरा थांब" म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तिथेच थांबायचा. त्याच्या मामाची, पुंडलिकरावांची, गावात कापसातली सरकी काढायची जिनिंग होती. आवारात कापसाची गंजी, म्हणजे घराएवढा ढीग, लागायची आणि दर उन्हाळ्यात ती पेट घ्यायची. मामा अगदी मेटाकुटीला आले होते.

"डिगांबर, शहरात विद्यापीठ हाये. आगीपासून कसं वाचवाचं ते शिकवतात तिथं. शिकून ये बापा," मामा म्हणाले.

डिगांबर गेला. अभ्यासाला वाघ होता. ऐकलेलं सारं त्याला पाठ व्हायचं. कुठे वापरायचं, तेवढं राहून जायचं.

एकदा वसतिगृहाच्या खानावळीत भज्यांच्या कढईतलं तेल पेटलं. डिगांबरने बादलीभर पाणी ओतलं. भडका उडून छत काळं झालं आणि आचाऱ्याच्या मिशा गेल्या.

त्याला शिकवणारे देवस्थळे सर धावत आले. "अरे, पेटत्या तेलावर पाणी? वरून झाकण घालायचं!"

"हो सर. झाकण घालायचं."

पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेत वर्गातल्या मोघेची बाही पेटली. मोघे नाचू लागला. डिगांबर खानावळीत पळाला, वरणाचं मोठं पातेलं घेऊन आला आणि मोघेवर पालथं घातलं. वर स्वतः बसला. पातेलं रिकामं करायचं मात्र राहिलं होतं. बाही विझली ती वरणाने.

सर म्हणाले, "अरे, माणूस पेटला तर घोंगडीत गुंडाळून लोळवायचं!"

"हो सर. लोळवायचं."

मग खानावळीतला गॅसचा सिलिंडर तोंडाशी पेटला. डिगांबरने स्वतःची घोंगडी आणली. सिलिंडर मायेने गुंडाळला आणि लोळवत लोळवत पायऱ्यांवरून खाली नेला. मागून बिनमिशांचा आचारी ओरडत धावला आणि त्याने चावी बंद केली, म्हणून विद्यापीठ आज जागेवर आहे.

सरांनी सिलिंडरवरची घोंगडी काढून घेतली. मग त्यांनी हात जोडले. "बाबा रे, यापुढे तू काही विझवू नकोस. सगळ्यांना बाहेर काढ, फाटक लाव आणि आग पूर्ण विझेपर्यंत कोणालाही आत सोडू नकोस. कोणालाही म्हणजे कोणालाही!"

"हो सर. कोणालाही म्हणजे कोणालाही."

सरांनी त्याला त्याच वर्षी पास केलं. आणखी एक वर्ष त्याला ठेवून घेण्याची इमारतीची ताकद नव्हती.

गावात हारतुरे झाले. मामांनी फाटकाची किल्ली भाच्याच्या हाती दिली. "सारा हंगाम या गंजीत हाये, डिगांबर. यंदा जळाली त जिनिंग बंद पडली समज."

"मामाजी, तुम्ही बिनघोर रहा."

आणि चैत्रात एका दुपारी ठिणगी पडली. गंजीच्या एका कोपऱ्याला भाकरीएवढी आग लागली. कामावरच्या बायका बादल्या घेऊन धावल्या.

"सगळे बाहेर!" डिगांबर गरजला.

"अवो भाऊ, इझतच आली हाये! दोन बादल्या टाकू द्या!" वच्छलाबाई म्हणाली.

"बाहेर!"

त्याने बायकांना काढलं, हमालांना काढलं, मुनीमजींना काढलं. मामा बादली सोडेनात, तर त्यांना बादलीसकट काढलं. फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मामा फाटकाच्या गजांना धरून रडकुंडीला आले. आग आता चांगली घराएवढी झाली होती.

इतक्यात तालुक्याहून घंटा वाजवत आगीचा बंब आला.

"खोल फाटक!" बंबाचा जमादार ओरडला.

"नाही जमणार. आत आग आहे."

"अबे, म्हणूनच त आलो न आम्ही! इझवाले आलो!"

"आग पूर्ण विझेपर्यंत कोणालाही आत सोडायचं नाही. सरांनी सांगितलंय. मी मामांना नाही सोडलं, तुम्हाला कसा सोडू?"

"अबे, पण इझवल्याशिवाय आग इझन कशी?"

डिगांबर विचारात पडला. आत गंजी धडधडत होती. सगळा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याचा चेहरा उजळला. शेवटी शिकलेला माणूस तो. त्याने खिशातली किल्ली काढून सगळ्यांना दाखवली.

"बरोबर आहे तुमचं," तो जमादाराला म्हणाला. "तुम्ही असं करा. आधी विझवून घ्या. मग मी स्वतः फाटक उघडतो."