सखाहरीचं केशरी जॅकेट

एका गावात एक भोळा जावई होता. गावाचं नाव कोरडेवाडी, जावयाचं नाव सखाहरी. कोरडेवाडीला पाणी टँकरनं यायचं, त्यामुळे पोहणं, बुडणं, नाव, वल्हं यांतलं गावाला काहीच ठाऊक नव्हतं. सखाहरीला बाकीचंही फारसं ठाऊक नव्हतं. पण माणूस पक्का सांगकाम्या. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोळ तिथंच होता.

त्याच्या धाकट्या मेहुणीचं, सुवर्णाचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा हर्षल गुणी होता. त्याची आई, ठुबेकाकू, गरीब स्वभावाची. बाप मात्र कडक. ठुबेकाकांच्या नाकावर माशी बसायची नाही, बसली तरी परवानगी घेऊन बसायची. सुवर्णाचे वडील आबा निवृत्त मास्तर. त्यांनी डोकं चालवलं. दोन्ही घरांनी मिळून मुंबई-गोवा अशी मोठ्या जहाजाची सहल करायची. चार दिवस एकत्र राहिलं की माणसं कळतात, आणि नाही पटलं तरी समुद्रात कुणी ताटावरून उठून जाऊ शकत नाही.

निघताना बायकोनं, चंद्रकलानं, सखाहरीला दारातच अडवलं. घराला कुलूप घातलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“नीट ऐका. माझ्या बहिणीची सोयरीक तुमच्यापायी मोडली, तर मी तिकडूनच माहेरी जाईन. तुम्ही या घरात एकटेच राहा.”

सखाहरीला बायको फार आवडायची, आणि भाकरी अजिबात यायची नाही. मग मी काय करू, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, काही करू नका, जे सांगतील तेवढंच करा.

“आलं ध्यानात,” सखाहरी म्हणाला. त्यानं किल्ली करदोट्याला बांधली.

जहाज सुटायच्या आधी भोंगा वाजला. सात आखूड, एक लांब. सगळ्या उतारूंना केशरी जॅकेटं दिली आणि वरच्या डेकवर जमवलं. सखाहरीच्या मंडळींची जागा ‘सी’ अक्षराखाली होती. तिथं जहाजाचे अधिकारी डिकुन्हा साहेब उभे होते. साहेब वसईचे, मराठी स्वच्छ. हा नुसता सराव आहे, पण लक्ष देऊन ऐका, असं ते म्हणाले. केशरी जॅकेटवाला सांगेल ते ऐकायचं. मी सांगेपर्यंत जागा सोडायची नाही. मी सांगेपर्यंत जॅकेट काढायचं नाही. गडबड झाली तर बायका-मुलं आधी.

लोक फोटो काढत होते. ठुबेकाका पेपर वाचत होते. आबा उभ्या उभ्या झोपले होते, ती त्यांना शाळेपासूनची सवय होती. अख्ख्या जहाजावर मन लावून ऐकत होता एकटा सखाहरी. मग साहेब म्हणाले, आता काढा जॅकेटं. नेमकी तेव्हाच सखाहरीच्या जॅकेटाची कॉलर त्याच्या कानांवर आली होती.

तो जॅकेट घालून जेवला. जॅकेट घालूनच झोपला. जॅकेट असं फुगीर की उताणा झोपला तर मान लोंबकळे, पालथा झोपला तर पाय हवेत जात. चंद्रकलानं कपाळाला हात लावला.

“अवो, तो सराव होता. सरावात खरं काही करायचं नसतं. नुसतं करून दाखवायचं असतं.”

“आलं ध्यानात,” सखाहरी म्हणाला. जॅकेट मात्र त्यानं काढलं नाही. साहेबांनी कुठं सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं चहाला बसली. सासूबाईंनी सखाहरीला बाजूला घेऊन बजावलं की, जावईबापू, खरी बोलणी नंतर होतील, आजचा आपला सरावच समजा. तुम्ही फक्त कप फिरवा. सखाहरीनं कप फिरवले. अदबीनं, बशीसकट, एकेकापुढं वाकून. ठुबेकाकांनी कप तोंडाला लावला. तिरका केला. आणखी तिरका केला. मग डोळा लावून आत पाहिलं.

“काका, आज सराव आहे,” सखाहरी म्हणाला. “खरा चहा नंतर.”

काकांच्या मिशा थरथरल्या. सासूबाईंनी जावयाला खांबाआड नेलं. कुणाच्या हाती काही द्यायचं तर भरून द्यावं, जावईबापू. काठोकाठ द्यावं. रिकामं देणं बरं दिसत नाही.

“आलं ध्यानात, मामी.”

थोड्या वेळानं ठुबेकाका पोहण्याच्या हौदाकाठी पेपर वाचत पडले. ऊन वाढलं. त्यांनी या सहलीसाठी खास घेतलेली एक कडक साहेबी हॅट होती. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, “जरा ती हॅट द्या हो.” सखाहरीनं हॅट उचलली. रिकामी होती. रिकामं देणं बरं दिसत नाही. त्यानं ती हौदात बुडवली, काठोकाठ भरली आणि एक थेंब न सांडता काकांच्या हातात दिली. काकांनी ती पेपर वाचता वाचता डोक्यावर घातली.

पेपरातली शाई काकांच्या शर्टावर उतरली. या वेळी आबांनी जावयाला समजावलं. मास्तर असल्यामुळे त्यांनी सावकाश समजावलं. कुणाच्या वस्तूत पाणी दिसलं, तर पाणी आधी ओतून टाकावं, मग वस्तू द्यावी. पुन्हा म्हणा. सखाहरीनं पुन्हा म्हटलं. आबा समाधानानं झोपले.

दुपारी जेवण झाल्यावर ठुबेकाका डेकवरच्या आरामखुर्चीत पडले. झोपताना ते कवळी काढून ग्लासात ठेवत. ग्लासात पाणी, पाण्यात दात. वाऱ्यानं ग्लास पडेल म्हणून ठुबेकाकूंनी जवळच उभ्या असलेल्या सखाहरीला तो इकडं द्यायला सांगितलं. सखाहरीनं ग्लासात पाहिलं. पाणी होतं. त्यानं कठड्याशी जाऊन ते समुद्रात ओतलं आणि रिकामा ग्लास काकूंना नेऊन दिला. दात हसत हसत अरबी समुद्रात गेले.

ठुबेकाका उठले तेव्हा जे बोलले, ते कुणाला कळलं नाही. पण हात जोडून निरोप घ्यावा तसे हात त्यांनी आबांपुढं जोडले, ते सगळ्यांना कळलं. सोयरीक मोडल्यात जमा होती. सुवर्णा खोलीचं दार लावून रडायला लागली. चंद्रकला रडली नाही. ती फक्त म्हणाली, “किल्ली आहे ना तुमच्याजवळ? जपून ठेवा.”

सखाहरीला फार वाईट वाटलं. आपल्या हातून सगळ्यांचं नुकसान होतं, आणि आपण तर सांगितलेलंच करतो, हे कोडं त्याला सुटेना. तो तडक डिकुन्हा साहेबांकडं गेला आणि जहाजावरून कुणी खाली गेलं तर काय करायचं, असं विचारलं. साहेब कामात होते. माणसाबद्दल विचारतोय असं समजून त्यांनी सांगून टाकलं.

“जो खाली गेला त्याच्याकडं रिंग टाकायची. मोठ्यानं ओरडायचं. आणि त्याच्याकडं बोट करून उभं राहायचं. नजर हलवायची नाही. नजर हलली की गेला.”

“आलं ध्यानात.”

सखाहरीनं कठड्यावरची रबरी रिंग काढून समुद्रात फेकली. “दात पडले,” अशी आरोळी ठोकली. आणि पाण्याकडं बोट करून उभा राहिला. जहाज चाललं होतं. पाणी मागं जात होतं. सखाहरीचं बोट जागचं हललं नाही. लोक येऊन त्याच्या बोटाच्या दिशेनं बघत, काही दिसत नाही म्हणून डॉल्फिन असेल असं ठरवत आणि फोटो काढून जात. सूर्य मावळायला आला तेव्हा साहेब धावत आले. दात कधीच मागं राहिले, आपण किती पुढं आलोय, असं ते सांगू लागले.

“साहेब, पण मी नजर हलवली नाही.”

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांचं कुणी इतकं ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, “तुम्ही एक काम करा. कुठं गडबड दिसली, तर बायका-मुलं आधी. एवढंच बघा.”

“आलं ध्यानात,” सखाहरी म्हणाला.

सहलीचं शेवटचं जेवण आलं. आबांनी लांबलचक टेबल घेतलं होतं. पुऱ्या होत्या, श्रीखंड होतं, काकांसाठी दहीभात होता. ठुब्यांच्या घरची रीत अशी की आधी पुरुषांची पंगत, मग मुलं, आणि सगळं गार झाल्यावर बायका. जहाजावर वाढपी होते, खुर्च्या भरपूर होत्या, तरी रीत ती रीत. पुरुष बसले. बायका मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात वाढप्यानं पुऱ्यांची परात आणली. काकांना दहीभात आधी हवा होता, वाढप्याला ते कळेना, काका खुणा करायला लागले, आणि टेबलावर गडबड झाली.

गडबड झाली म्हटल्यावर सखाहरी उठला. त्यानं जॅकेटाला बांधलेली शिट्टी फुंकली. ठुबेकाकांना दंडाला धरून उठवलं, आबांना उठवलं, हर्षल आपण होऊन उठला.

“बायका-मुलं आधी,” सखाहरी म्हणाला.

केशरी जॅकेटवाला सांगेल ते ऐकायचं, हे वाढप्यांनाही माहीत होतं. त्यांनी ताटं फिरवली. ठुबेकाकू खुर्चीत बसल्या. त्यांच्यापुढं पुरी आली. टम्म फुगलेली, वाफ निघणारी. काकूंनी तिला बोट लावलं आणि चटका बसला. लग्न झाल्यापासून त्यांनी फुगलेली पुरी फक्त दुसऱ्याच्या ताटात पाहिली होती. त्यांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, श्रीखंड दोनदा घेतलं. मग डोळे पुसले.

“मुलगी आम्हाला पसंत आहे,” त्या म्हणाल्या. “ज्या घरचा जावई बायकांना आधी जेवू घालतो, तिथली सोयरीक मी नाही सोडायची.”

ठुबेकाकांनी यावर बरंच मोठं भाषण केलं. दात नसल्यामुळे एक अक्षर कुणाला लागलं नाही. मग सगळ्यांनी तो होकार धरला.

चंद्रकलानं त्या दिवशी नवऱ्याकडं पाहिलं ते नव्या नवरीसारखं. सासूबाईंनी तर त्याला स्वतःच्या हातानं श्रीखंड वाढलं. “जावईबापू, उतरताना सगळ्यांना तुम्हीच सांभाळा. जसं आज केलंत, अगदी तसंच करा.”

“तसंच?”

“अगदी तसंच.”

“आलं ध्यानात, मामी.”

सकाळी जहाज मुंबईच्या धक्क्याला लागलं. दाराशी ही गडबड उसळली. सखाहरी जॅकेट घालून दारात उभा राहिला आणि त्यानं शिट्टी फुंकली. बायका-मुलं आधी. सासूबाई उतरल्या, चंद्रकला उतरली, सुवर्णा आणि ठुबेकाकू हातात हात घालून उतरल्या. पुरुषांना त्यानं जॅकेटं चढवली आणि वर नेऊन ‘सी’ अक्षराखाली ओळीनं उभं केलं. साहेब सांगेपर्यंत जागा सोडायची नाही, असं बजावलं. आबा उभे राहिले आणि झोपले. होणाऱ्या जावयानं पहिल्याच दिवशी वाद घालू नये म्हणून हर्षल गप्प राहिला. रांग दिसली म्हणून आणखी पाच-पंचवीस पुरुष मागं येऊन उभे राहिले. रांग कशाची आहे, असं एकानं विचारलं. पुढच्यानं सांगितलं, उभे राहा, कळेल.

डिकुन्हा साहेब काही सांगायला आले नाहीत. त्यांची सुट्टी सुरू झाली होती आणि ते पिशवी घेऊन केव्हाच वसईला गेले होते.

दुपारी नवे उतारू चढले. भोंगा वाजला. सात आखूड, एक लांब. नवा अधिकारी आला आणि बघतो तर ‘सी’खाली माणसं आधीपासून जॅकेटं घालून ताठ उभी. असले शहाणे उतारू त्यानं जन्मात पाहिले नव्हते. ठुबेकाकांनी पुढं येऊन त्याला पोटतिडकीनं सगळं सांगितलं. अधिकारी पंजाबचा होता. त्यानं मान डोलावली, काकांचा पट्टा आणखी आवळला आणि त्यांना ओळीत परत उभं केलं.

जहाज सुटलं.

‘सी’ची जागा समुद्राच्या बाजूला होती. बायका इतका वेळ धक्क्यावर सामानावर बसून, आता येतील मग येतील, म्हणत वाट बघत होत्या. जहाज वळलं तेव्हा त्यांना आपापले नवरे दिसले. ओळीनं, केशरी, चाललेले.

सखाहरीलाही त्या दिसल्या. बायको खाली, मामी खाली, सगळ्या जहाजावरून खाली गेलेल्या. कुणी खाली गेलं तर काय करायचं, ते त्याला पाठ होतं. त्यानं कठड्यावरच्या होत्या तेवढ्या रिंगा एकामागून एक धक्क्याकडं फेकल्या. मग सासूबाईंकडं बोट केलं.

“मामी, भिऊ नका,” तो ओरडला. “मी नजर हलवत नाही.”

सासूबाई मटकन सामानावर बसल्या. सुवर्णा हर्षलला हात हलवत राहिली, दुसरं काय करणार? ठुबेकाकूंनी मात्र पदर खोचला आणि होणाऱ्या सुनेला म्हणाल्या, चल, आता परत येईपर्यंत पंगत आपलीच.

आणि चंद्रकला माहेरी गेली. रागावली होती म्हणून नव्हे. घराला कुलूप होतं, आणि किल्ली करदोट्याला बांधलेली, जपून ठेवलेली, गोव्याकडं निघाली होती.