एक वाजताचा रिकामा रकाना

एका कचेरीत डबे होते, भूकही होती, पण जेवायला वेळ नव्हता. कारण तिथे हणबर साहेब होते! सगळ्यांचं कॅलेंडर संगणकावर एकत्र, आणि साहेबांचा फतवा असा: "ज्याचा रकाना रिकामा, तो माणूस मोकळा." आता जेवण का कोणी कॅलेंडरात लिहितं? त्यामुळे रोज दुपारी एक वाजला की साहेबांनी बाकीच्यांसाठी लावलेली मीटिंग टपकलीच; साहेब स्वतः मात्र केबिनमध्ये! बिचारी मटकीची उसळ डब्यात आंबून जायची.

एके दिवशी आवक-जावक सांभाळणाऱ्या कुंदाताई ठोसरांनी पदर खोचला आणि साहेबांच्याच रकान्यात मीटिंग टाकली. रोज, दुपारी एक वाजता!

साहेब केबिनमधून तोफगोळ्यासारखे सुटले. "कुंदाबाई! मला न विचारता?"

"साहेब, तुमचा रकाना रिकामा दिसला. म्हणजे तुम्ही मोकळे."

"मोकळा कसला? अहो, एक वाजता मी जेवतो!"

कुंदाताईंनी गालावर बोट ठेवलं. "अगंबाई! साहेब, तुम्हीसुद्धा जेवता?"

कचेरी खो-खो हसत सुटली. साहेब आधी लाल झाले, मग ओशाळले, मग तेही हसले.

आता एक वाजता सगळ्यांच्या कॅलेंडरात खुद्द साहेबांनी टाकलेली एकच मीटिंग असते. विषय: डबे उघडा!