मुजुमदारांचे अरबी भाऊबंद

एका गावात एक भोळा मुजुमदार होता. नाव नरहर. मनात पाप नाही, आणि डोक्यात एका वेळी एकाहून जास्त गोष्ट नाही. सांगितलेलं मात्र तंतोतंत करायचा. थोरला भाऊ देवाघरी गेलेला. घरात वहिनी, उमाबाई, आणि पुतणी वेणू. वेणूला चांगलं घर मिळावं म्हणून उमाबाईंनी सोळा सोमवार केले, आणि शंकरानं ऐकलं. जमेनिसांच्या मुलाशी लग्न ठरलं. बाप नाही, तेव्हा कन्यादान काकानंच करायचं. उमाबाईंना घोर होता तो तेवढाच.

शेजारी दाऊद मास्तर राहायचे. अरबी-फारसीचे मोठे जाणकार. एकदा नरहरनं त्यांना विचारलं, "मास्तर, मुजुमदार म्हणजे काय हो?"

मास्तर खुलले. "अरबीत तीन अक्षरांचं एक मूळ असतं. त्यातून शब्दांचं अख्खं घराणं निघतं. तुमचं मूळ जीम, मीम, ऐन. म्हणजे गोळा करणं. जमाव त्यातलाच, जमात त्यातलीच, जुम्मा आणि जामा मशीदही त्यातलीच. दफ्तरं एकत्र करून सांभाळायचे ते मुजुमदार. सगळे तुमचे भाऊबंदच समजा ना!"

नरहरनं समजून घेतलं.

वेणूचं केळवण आलं. उमाबाई म्हणाल्या, "भावोजी, आपल्या भाऊबंदांना अक्षत देऊन या. कुणी राहता कामा नये हं."

"कुणी राहणार नाही," नरहर म्हणाला, आणि अक्षत घेऊन निघाला. बाजारात डोंबाऱ्याचा खेळ चालला होता. भोवती हा जमाव! नरहरनं सगळ्यांना अक्षत दिली. वार होता शुक्रवार, म्हणजे जुम्मा. मग जामा मशिदीच्या दारात उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाच्या हातावर अक्षत ठेवली.

वीस पानं घ्यायची, तिथं दोनशे माणूस आलं. डोंबारी ढोल घेऊन आला.

उमाबाईंनी दारी आलेल्याला कधी परत पाठवलं नव्हतं. पुन्हा चूल पेटवली, भात घातला, आमटीत पाणी वाढवत गेल्या. सगळे जेवून, वेणूला तोंडभर आशीर्वाद देऊन गेले. मग त्या पाटावर मटकन बसल्या.

"भावोजी, भाऊबंद म्हणजे ज्यांचं आपल्याला सुतक येतं ते!"

"असं होय! लक्षात ठेवतो," नरहर म्हणाला.

चार दिवसांनी मास्तर ओट्यावर उसासा टाकून म्हणाले, "पूर्वी फौजेला जमियत म्हणायचे. तोही तुमच्याच मुळाचा. आता मेला बिचारा तो शब्द."

नरहर तडक विहिरीवर गेला, डोक्यावरून घागर ओतून घेतली, मिशी उतरवली आणि उंबऱ्यात पंचा नेसून बसला. नेमके त्याच दिवशी व्याही-विहीणबाई साड्या दाखवायला आले.

"शिवू नका. सुतक आहे."

विहीणबाई दचकल्या. "अगं बाई! कोण गेलं?"

"जमियत."

"त्या कोण?"

"आमच्या घराण्यातल्या. फौजेत होत्या."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि साड्या तशाच परत निघाल्या. उमाबाई पाणंदीपर्यंत धावत गेल्या, खरं काय ते सांगितलं, हात जोडले. व्याही हसरे होते म्हणून निभावलं.

"भावोजी," परत आल्यावर त्या काकुळतीनं म्हणाल्या, "ते सगळं विसरा. एकच ध्यानात ठेवा. भाऊबंदांत कधी सोयरीक होत नाही. शब्दांना कुठली सोयरीक नि कुठले भाऊबंद! ते वेगळे, आपण वेगळे. आता मांडवात शहाण्यासारखे उभे राहा."

"ध्यानात ठेवलं," नरहर म्हणाला.

लग्नाचा दिवस उजाडला. अंतरपाट धरला. घटका भरत आली. गुरुजींनी नवऱ्या मुलाचं घराणं उच्चारलं, "जमेनीस."

नरहरचे कान टवकारले. पहिल्या रांगेत दाऊद मास्तर बसले होते.

"मास्तर, जमेनीस कुठल्या मुळाचे हो?"

मास्तरांना असं कुणी विचारलं की भान राहत नसे. "वा! जीम, मीम, ऐन! अगदी तुमचेच!"

नरहरनं अंतरपाट ओढला, गुंडाळला आणि काखेत मारला. "लग्न होणे नाही! भाऊबंद निघाले!"

मांडवात एकच गलका झाला. नवरा मुलगा हार धरून तसाच उभा. गुरुजी ओरडले, "अहो, मुहूर्त टळतोय!" वेणूच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या. उमाबाईंनी खांबाला धरलं आणि डोळे मिटून शंकराचा धावा केला.

आपण काय करून बसलो ते मास्तरांना कळलं. ते धडपडत पुढे आले. "नरहरराव, पण हे भाऊबंद अरबी! अरबांत चुलत भावंडांची लग्नं होतात. खुशाल लावा!"

नरहरनं विचार केला.

"अरबी रीत आहे?"

"आहे!"

"मग हरकत नाही," म्हणत त्यानं अंतरपाट परत दिला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. नरहरनं कन्यादानही नीट केलं. सप्तपदी झाली. उमाबाईंनी आनंदानं डोळे पुसले. पानं मांडली, आणि बघतात तो नरहर कुठं दिसेना.

जिलबी वाढत होते तेव्हा दारात टांगा थांबला. घामाघूम नरहर उतरला. पाठोपाठ तालुक्याचे म्हातारे काजी.

"भावोजी! हे काय?"

"अरबी रीत म्हणाले ना मास्तर? मग काजींशिवाय लग्न पुरं कसं होणार, वहिनी?"

काजींनी मांडव बघितला, मुंडावळ्या बघितल्या आणि हसून म्हणाले, "बाई, मला नुसतं वाढा."

पण नरहर ऐकतो कसला! वेणूच्या पानापुढं जाऊन उभा राहिला. "पोरी, कबूल आहे?"

वेणूच्या तोंडात जिलबी. काकाच्या डोळ्यांतली माया बघून तिनं घास गिळला. "कबूल, काका." तीनदा विचारलं, तीनदा म्हणाली. जावयानंही लाजत तीनदा म्हटलं.

एवढं झाल्यावर नरहरला एकाएकी शंका आली. मास्तरांच्या कानाशी वाकून त्यानं विचारलं, "हा 'कबूल' कुठल्या मुळाचा हो?"

"काफ, बे, लाम. ते घराणंच वेगळं."

"सुटलो बुवा!" नरहर पंगतीत बसला आणि पान पुढं ओढलं. "तोही भाऊबंद निघाला असता, तर आता तिसऱ्यांदा लग्न लावावं लागलं असतं."