ठकूबाईचे चिंचोके आणि बाराशे पोती

“बाराशे पोती एका दिवसात कोठारात गेली पाहिजेत! किती हातगाड्या करू, बोला!” राजा रणधवल गरजला. “एक पोतं बाहेर राहिलं किंवा एक गाडी रिकामटेकडी उभी दिसली, तर सांगणाऱ्यानं वर्षभर घाणा ओढायचा!”

गेल्या साली धान्य तीन दिवस दारातच अडलं आणि बैलांनी त्यावर ताव मारला. यंदाचं धान्य यायला दहा दिवस होते. आधी करून बघावं, तर पोती कुठे होती?

“शंभर गाड्या, महाराज!” प्रधानजी म्हणाले.

कोपऱ्यात पोती शिवणारी म्हातारी ठकूबाई फिसकन हसली. लगेच जीभ चावायला गेली, पण दात कुठे होते!

“हसतेस? मग तूच सांग!”

“मी? मला माझी चप्पल सापडत नाही, महाराज! पण तीन दिवसांनी माझ्या अंगणात या. प्रधानजींनाही आणा, माणसं कमी पडतील.”

राजा आला. अंगणात राखेनं कोठार काढलेलं. चिंचोके म्हणजे पोती, करवंट्या म्हणजे हातगाड्या. ठकूबाईनं राजाला दारातल्या वजनकाट्याच्या जागी बसवलं आणि प्रधानजी, सेनापती नि बाकी दरबाऱ्यांच्या हाती एकेक करवंटी दिली.

“एक टाळी म्हणजे माझा एक टाका. एका गाडीत एकच पोतं. ते तोलायला आठ टाके. गाडी भरून, तोलून, आत रिकामी करून परत यायला चाळीस. इतकी वर्षं हमालांकडे बघत शिवतेय, म्हणून तर शिवण वाकडी!”

टाळ्या सुरू झाल्या. पहिल्याच फेरीत कोंबडीनं दोन चिंचोके गिळले.

“समजा, उंदरांनी खाल्ले!” ठकूबाई म्हणाली.

पाच करवंट्यांपर्यंत कुणी खोळंबलं नाही. सहावी आली आणि रांग लागली. दहावी आली, तेव्हा प्रधानजी सेनापतींवर आदळले!

“महाराज, घोडं गाड्यांपाशी नाही, तुमच्यापाशी अडतंय!”

‘मेली जीभ! आता घाणाच,’ ठकूबाईच्या मनात आलं. ती घाईघाईनं म्हणाली, “म्हणजे काट्यापाशी! एका काट्यापुढे सहावी गाडी नुसती उभी राहते. एक काटा दिवसाला चारशे पोती तोलतो. तीन काटे मांडा, पंधरा गाड्या करा. पुरे!”

धान्य आलं त्या दिवशी ठकूबाईनं सकाळीच घाण्याकडची वाट बघून ठेवली होती. पण सूर्य डोंगराला टेकला आणि बाराशेवं पोतं आत गेलं. दिवसभर एक गाडी थांबली नाही!

“शाबास! पण म्हातारे, चुकली असतीस तर?” राजानं विचारलं.

“चुकले की, महाराज! तुम्ही यायच्या आधी एकवीस वेळा चुकले. पण दर वेळी चिंचोके सांडले, धान्य नाही!”

राजा पोट धरधरून हसला. त्यानं हातातलं सोन्याचं कडं उतरवून तिच्या हातात घातलं आणि तिथल्या तिथे तिला कोठाराची कारभारीण केलं.